वीज कोणाची, वाट कोणाची?

दिनांक ४ जानेवारी २०२३ रोजी महाराष्ट्रातील वीज कर्मचारी संपावर गेले. भांडुप, ठाणे, नवी मुंबई या पट्ट्यात वीज वितरणाचा समांतर परवाना मिळावा, असा अर्ज एका खाजगी कंपनीने केला होता. खाजगीकरणाचे हे पहिले पाऊल आहे, असे कर्मचारी संघटनांचे म्हणणे होते. शासनाशी बोलणी झाली आणि संप त्याच दिवशी मागे घेण्यात आला. मुदखेड-नांदेडकडे राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांना त्या वेळी वाटले असेल की, मुंबईच्या परवान्याशी आपला काय संबंध? शांतपणे विचार केला तर हा संबंध फार जवळचा आहे. उद्योग आणि व्यापार यांच्याकडून अधिक दर घ्यावयाचा आणि त्यातून शेतीपंपाचा दर खाली ठेवावयाचा, ही आपल्या वीजव्यवस्थेची जुनी रीत आहे. भरपूर वापर करणारा आणि वेळेवर बिल भरणारा ग्राहक सार्वजनिक व्यवस्थेतून निघून गेला, तर मागे उरलेल्यांचा भार कोणी उचलावयाचा?

या विषयावरील चर्चा बहुधा दोन ठरलेल्या बाजूंनी होते. सरकारी म्हटले की गळती, थकबाकी आणि ढिलाई, असे एक पक्ष म्हणतो. खाजगी म्हटले की नफा आणि नफ्यापलीकडे काही नाही, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे आणि दोघेही बोलतात ते कार्यक्षमतेबद्दल आणि पैशाबद्दल. हा हिशेब मांडलाच पाहिजे. परंतु त्याच्याही आधी एक नैतिक प्रश्न उभा आहे. ज्याला निवड करण्याची मुभाच नाही, अशा माणसाचे आपण काय देणे लागतो? प्रस्तुत लेखात मी हा प्रश्न जलविद्युत आणि तिच्या पारेषणापुरता विचारात घेणार आहे. कारण तेथे तो सर्वांत स्पष्ट दिसतो.

वीज आपल्या घरी येते ती तीन टप्प्यांनी. प्रथम निर्मिती, मग पारेषण आणि शेवटी वितरण. धरणाचे पाणी उंचावरून खाली येते, पात्यांवर आदळते, चक्र फिरते आणि वीज तयार होते. तिचा दाब वाढवून ती उंच मनोऱ्यांवरच्या तारांतून शेकडो किलोमीटर दूर नेली जाते, उपकेंद्रात दाब कमी केला जातो आणि डीपीवरून ती घरात येते. यांपैकी निर्मिती अनेकांना करता येते. नदीवर एक, कोळशावर दुसरा, उन्हावर तिसरा. पारेषणाचे तसे नाही. एकाच दिशेने दोन-तीन मालकांचे मनोरे शेजारी शेजारी उभे करून त्यांच्यात स्पर्धा लावणे, हे देशाला परवडणारे नाही आणि शेतकऱ्याच्या जमिनीलाही सोसणारे नाही. बाजारातील एक दुकानदार लबाड निघाला, तर आपण पुढच्या दुकानात जातो. तारेच्या बाबतीत पुढचे दुकान नसते.

त्यातही पाण्यापासून होणारी वीज वेगळी आहे. कोळसा खणावा लागतो, विकत घ्यावा लागतो. पाऊस कोणी निर्माण करीत नाही. सह्याद्रीचा उतार कोणाच्या गुंतवणुकीतून उभा राहिलेला नाही. मनुष्याने बांधलेले धरण आणि बसवलेली यंत्रे यांचे मोल जरूर द्यावे. परंतु मूळ भांडवल ही परमेश्वराने सर्वांना दिलेली देणगी आहे. ती एका ठिकाणी पडते आणि तिचा लाभ दूरवरच्या माणसापर्यंत न्यावयाचा तर मध्ये तार लागते. म्हणून तारेचा मालक हा एका अर्थाने त्या देणगीच्या वाटेवर उभा असतो.

खोपोली, मुळशी आणि कोयना

महाराष्ट्रात जलविद्युत प्रथम मोठ्या प्रमाणावर आणली ती खाजगी भांडवलाने. टाटा जलविद्युत कंपनी १९१० साली स्थापन झाली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली. लोणावळ्याच्या परिसरात साठवलेले पावसाचे पाणी घाटाखाली उतरून मुंबईच्या गिरण्या चालवू लागले. त्या काळात हे साहस करण्यास सरकार पुढे आले नव्हते. दूरदृष्टीच्या उद्योजकांनी ते केले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु ती तार मुंबईला जाण्यासाठीच ओढली होती. वाटेवरच्या खेड्यांना वीज देणे हा तिचा हेतू नव्हता; गिऱ्हाईक मुंबईत होते.

पुढे याच योजनांच्या मालिकेत मुळशीचे धरण आले. १९२१ साली तेथील शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. तो सुमारे तीन वर्षे चालला आणि अखेर मोडला. धरण झाले, भिऱ्याचे वीजगृह १९२७ साली सुरू झाले आणि मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली. येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. शेतकऱ्यांनी कंपनीला जमीन राजीखुशीने विकली नव्हती. इंग्रज सरकारने भूसंपादनाच्या कायद्याने ती घेतली आणि कंपनीला दिली. भांडवल खाजगी होते, सक्ती मात्र सरकारची होती.

स्वातंत्र्यानंतर कोयना आली ती सार्वजनिक प्रकल्प म्हणून. १९६२ साली पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून वीज मिळू लागली, टप्प्याटप्प्याने क्षमता वाढत गेली आणि आज ती १९६० मेगावॉट आहे. महाराष्ट्राच्या औद्योगिक वाढीचा मोठा भार कोयनेने वाहिला. जलविद्युत केंद्र काही मिनिटांत सुरू करता येते. त्यामुळे संध्याकाळी शहरे एकदम वीज मागू लागतात, तेव्हा कोयना धावून येते. परंतु शिवसागर जलाशयाखाली ज्यांची गावे गेली, त्यांचे काय झाले? त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अर्धशतक उलटल्यावरही पुरते सुटले नाहीत. त्यासाठी त्यांच्या मुलानातवंडांना आंदोलने करावी लागली.

मुळशीचा मालक खाजगी, कोयनेचा मालक सार्वजनिक. विस्थापितांच्या वाट्याला दोन्हीकडे दुःखच आले. म्हणून ‘सार्वजनिक’ या शब्दाला आपोआप पावित्र्य येत नाही, हे आरंभीच मान्य करून पुढे जाऊ. फरक एवढाच की, कोयनेचा विस्थापित ज्या शासनाकडे दाद मागतो, ते शासन त्याच्या मताने निवडून येते. तो विधानसभेत प्रश्न उपस्थित करवू शकतो. मुळशीच्या शेतकऱ्याला ना कंपनीच्या सभेत स्थान होते, ना सरकारच्या. हा फरक अपुरा आहे, पण क्षुल्लक नाही.

ज्यांच्याकडे धबधबे नाहीत

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. आपल्याकडे नद्या आहेत, पण त्या सपाटीवरून वाहतात. पाण्याला उंची नाही, म्हणून विजेला जोर नाही. पूर्णा नदीवरील येलदरीचे वीजगृह २२.५ मेगावॉटचे आणि पैठणचे जायकवाडीचे १२ मेगावॉटचे. कोयनेच्या १९६० मेगावॉटशेजारी हे आकडे ठेवले की, निसर्गाचे दान कसे असमान आहे ते ध्यानात येते. नांदेडजवळच्या विष्णुपुरी प्रकल्पात तर गोदावरीचे पाणी शेतापर्यंत न्यावयाचे म्हणून ते विजेच्या पंपांनी उचलावे लागते. इतरत्र पाणी वीज देते. येथे पाणीच वीज मागते.

ज्या प्रदेशाची अशी स्थिती आहे, त्याच्यासाठी पारेषणाची तार हीच मोठी नदी होय. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि राज्यभर तारांचे जाळे विणले जाऊ लागले. एकदा जाळे जोडले की, त्यातील वीज कोयनेची की परळीच्या औष्णिक केंद्राची, हे कोणालाही वेगळे ओळखता येत नाही. सह्याद्रीवरचा पाऊस आणि परळीची भट्टी एकाच तारेत मिसळतात आणि मुदखेडच्या फुलांच्या मळ्यातला पंप चालू होतो. निव्वळ नफ्याचा विचार करणाऱ्याने ही तार त्या काळी येथवर ओढली असती का? विरळ वस्ती, लहान गिऱ्हाईक, पावसावर अवलंबून असलेले उत्पन्न. हिशेबाची वही त्याला नको म्हणाली असती, आणि वहीच्या दृष्टीने ते योग्यही ठरले असते.

अर्थात सार्वजनिक मंडळानेही सर्वांना सारखे वागवले नाही. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली प्रादेशिक असमतोलाचा जो अहवाल दिला, त्यात अनुशेष मोजण्याच्या क्षेत्रांत ग्रामीण विद्युतीकरणाचाही समावेश होता. मागे राहिलेल्यांचा अनुशेष मोजता आला, मागता आला, कारण व्यवस्था सार्वजनिक होती. खाजगी कंपनीकडे अनुशेष मागता येत नाही. तिने ज्या गावाला वीज दिली नाही, ते गाव तिच्या वहीत नसतेच.

शेतातला मनोरा

आपल्या खेड्यांत वाटेचा न्याय फार पूर्वीपासून चालत आला आहे. बांधावरून जाणारी गाडीवाट, दोन शिवांमधला शिवरस्ता हे कोणाच्या एकट्याच्या मालकीचे नसतात. आतल्या शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी दुसऱ्याच्या बांधावरून वाट मिळालीच पाहिजे, असे लोकांनी मानले आहे आणि महसूल कायद्याने ती ठरवून देण्याचा अधिकार तहसीलदाराला दिला आहे. बांधाचा मालक म्हणेल की, जमीन माझी, म्हणून वाट बंद. गाव ते मान्य करीत नाही. वाट अडवणाऱ्याला गाव वाईट म्हणते, ते त्याने चोरी केली म्हणून नव्हे. दुसऱ्याला ज्यावाचून जगता येत नाही, ते त्याने मुठीत धरले म्हणून.

विजेच्या तारेला हाच न्याय लावून पाहू. वीज कायदा २००३ च्या कलम १६४ नुसार शासन पारेषण करणाऱ्या संस्थेला असे अधिकार देऊ शकते की, शेतकऱ्याची संमती नसतानाही त्याच्या शेतावरून तार नेता यावी आणि त्यात मनोरा उभारता यावा. या तरतुदीची मुळे इंग्रजांच्या १८८५ च्या तार कायद्यात आहेत. जमीन शेतकऱ्याच्या नावे राहते, पण तारेखाली उंच झाड लावता येत नाही, घर बांधता येत नाही. केंद्र शासनाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याखालील जमिनीच्या मूल्याच्या ८५ टक्के भरपाई सुचवली होती. २०२४ मध्ये ती २०० टक्के करण्यात आली. ही वाढ न्याय्यच आहे. तरीही तेथे जो घडतो तो व्यवहार खरेदी-विक्रीचा नसतो. शेतकऱ्याला नाही म्हणता येत नाही.

माझ्या मते या वादाचे मर्म येथे आहे. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार एखाद्याकडून काढून घेणे हे केवळ राज्यसंस्थेचे सामर्थ्य आहे, आणि ते तिला सर्वांच्या हितासाठी दिलेले आहे. ते सामर्थ्य उसने घेऊन जो तार ओढतो, त्याच्याकडे राज्यसंस्थेचे कर्तव्यही जाते. मग त्याचे नाव मंडळ असो वा कंपनी. सर्वांच्या नावाने वाट घेतली, तर ती सर्वांसाठी खुली ठेवली पाहिजे, आणि शेवटच्या घरापर्यंत पोहोचली पाहिजे. मुळशीत जे चुकले ते हेच. सक्ती सर्वांच्या नावाने झाली आणि वीज मोजक्यांची ठरली.

मुदखेडचे रूळ आणि कॅलिफोर्नियाची तार

मुदखेडच्या माणसाला हा विषय समजावा म्हणून दूर जाण्याची गरज नाही. आपल्या स्थानकातून जाणारे रूळ पुरेसे आहेत. मनमाड-सिकंदराबाद मार्ग निजामाच्या राज्यात ज्या कंपनीकडे होता, तिचे नावच ‘निजामाची हमीची रेल्वे’ असे होते. हमी कसली? भागधारकांना ठराविक व्याज देण्याची. व्याज कमी पडले तर ते निजामाच्या तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या साऱ्यातून, भरून द्यावयाचे. १९३० साली निजाम सरकारने ती रेल्वे स्वतःकडे घेतली आणि स्वातंत्र्यानंतर ती भारतीय रेल्वेत आली. रूळ मालक बदलत राहिले. मात्र पहिल्या व्यवस्थेत भागधारकाच्या लाभाला हमी होती आणि प्रवाशाच्या सोयीला नव्हती. नव्वदच्या दशकात दाभोळच्या वीजप्रकल्पाशी झालेल्या कराराने महाराष्ट्राला हाच धडा पुन्हा शिकवला. नफा खाजगी आणि जोखीम सार्वजनिक, अशी वाटणी झाली की, ‘खाजगी’ या शब्दातील साहसही उरत नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराने हेच हेची नावाच्या खोऱ्यात धरण बांधण्याची परवानगी १९१३ साली मिळवली. त्यासाठीच्या रेकर कायद्यात एक अट होती: या पाण्यापासून होणारी वीज पुनर्विक्रीसाठी खाजगी कंपनीला द्यावयाची नाही. शहराने धरण बांधले, वीज केली, तारही ओढली. परंतु १९२५ साली ती तार शहरापासून काही अंतरावर नेवार्क येथे खाजगी कंपनीच्या उपकेंद्रापाशी येऊन थांबली. पुढची वीज त्या कंपनीच्या तारांतून जाऊ लागली आणि लोकांना ती कंपनीच्या दराने मिळू लागली. १९४० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने याला कायद्याचा भंग ठरवले. तरीही शहराला स्वतःचे पुरते जाळे उभारता आले नाही, कारण त्यासाठी लागणारे कर्ज उभारण्याचा प्रस्ताव मतदारांनीच पुन्हा पुन्हा फेटाळला. खोरे सर्वांचे, धरण सर्वांचे, वीज सर्वांची. केवळ शेवटचे काही मैल दुसऱ्याचे होते, आणि तेवढे पुरेसे ठरले. दोष एकट्या कंपनीचा नव्हता. जे सर्वांचे आहे त्यासाठी पदरमोड करण्याची नागरिकांची तयारी नव्हती, हेही त्याचे कारण होते.

दुसरी बाजू

आता दुसऱ्या बाजूला न्याय दिला पाहिजे. १९९८ च्या दुरुस्तीने पारेषणात खाजगी गुंतवणुकीला वाट मिळाली. जयगडहून नव्या कोयना उपकेंद्रापर्यंतची तार शासकीय महापारेषण आणि खाजगी कंपनी यांच्या भागीदारीत उभी आहे. विदर्भातील तिरोड्याहून अकोल्यामार्गे औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, आलेली ७६५ केव्हीची तार खाजगी मालकीची आहे. या तारा काम करतात. वितरणात भिवंडीने २००७ पासून खाजगी फ्रँचाइजी स्वीकारली आणि तेथील गळती पुष्कळ कमी झाली. औरंगाबाद शहरात २०११ साली तोच प्रयोग केला, तो फसला आणि २०१४ साली महावितरणला काम परत घ्यावे लागले. म्हणजे खाजगी हात लागला की यश, हेही खरे नाही आणि अपयश, हेही खरे नाही.

शिवाय सार्वजनिक व्यवस्थेचे स्वतःचे अन्याय आहेत. भारनियमनाच्या वर्षांत महावितरणने फीडरची प्रतवारी केली. ज्या फीडरवर गळती आणि थकबाकी अधिक, तेथे अंधार अधिक. वरवर हे न्याय्य दिसते. परंतु त्या फीडरवर नियमित बिल भरणारी एखादी विधवा राहत असेल, तर तिने शेजाऱ्याच्या आकड्याची शिक्षा का भोगावी? शेतीपंपाला आठवड्यातील काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री दहा तास वीज, ही पाळी आपण सारे जाणतो. शहराची संध्याकाळ उजळावी म्हणून कोयना धावते आणि शेतकरी मध्यरात्री साप-विंचवाच्या भीतीत पाणी द्यायला उठतो. हा निर्णय कोणा खाजगी मालकाने घेतलेला नव्हता. तो आपल्याच सार्वजनिक मंडळाने आपल्या नावाने घेतला.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीत या पेचाचा विचार आहे आणि तो एकांगी नाही. पोप पायस अकरावे यांनी १९३१ सालच्या आपल्या विश्वपत्रात दोन तत्त्वे मांडली. ज्या मालमत्तेबरोबर इतरांवर अतोनात सत्ता गाजवण्याचे सामर्थ्य येते, ती खाजगी व्यक्तींच्या हाती सोपवणे लोकहितास धोक्याचे असेल, तर ती समाजाने स्वतःकडे ठेवणे उचित होय, हे एक. आणि जे काम लहान समूह नीट करू शकतो, ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून हिरावून घेऊ नये, हे दुसरे. पहिले तत्त्व खाजगी मक्तेदाराला आवरते. दुसरे शासनाच्या मक्तेदारीला. वीजव्यवस्थेला ही दोन्ही तत्त्वे एकाच वेळी लागू पडतात. लांब पल्ल्याची तार हे पहिल्या प्रकारचे सामर्थ्य आहे; तिच्या किल्ल्या समाजाच्या हाती असाव्यात. पण गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी सौर पॅनेलांनी वीज करणे, ती दिवसा शेतीला देणे, हे काम गाव, सहकारी संस्था, लहान उद्योजक करू शकतात. २०१७ साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याच दिशेची आहे.

म्हणून माझे मत असे आहे. निर्मिती कोणीही करावी. योग्य मोबदला घ्यावा. पारेषणाची वाट मात्र सार्वजनिक मालकीची असावी आणि जेथे खाजगी गुंतवणूक आलीच आहे, तेथे तार सर्वांना सारख्या अटींवर खुली ठेवणे, ठराविक मुदतीनंतर ती समाजाकडे येणे आणि जिच्या वाटेत शेते गेली त्या गावांना प्रथम वीज मिळणे, या गोष्टी करारात लिहिलेल्या असाव्यात. जलविद्युतीच्या बाबतीत तर ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्यांचा तिच्या उत्पन्नात कायमचा वाटा असावा. ही उदारता नाही. ती जुनी थकबाकी आहे.

आणि थकबाकी म्हटल्यावर आपल्याकडेही वळून पाहिले पाहिजे. सार्वजनिक म्हणजे कोणाचेच नाही, असे आपण मनोमन धरून चालतो. तारेवर आकडा टाकणारा असे समजतो की, आपण सरकारला फसवले. वस्तुतः तो आपल्याच फीडरवरच्या शेजाऱ्याचा उजेड काढून घेतो. आपल्या धर्मग्रामातील एखादे कुटुंब दिवाळी-नाताळच्या रोषणाईसाठी मीटरबाहेरून वीज घेते, तेव्हा त्या रोषणाईत कोणाचा अंधार मिसळला आहे, हे कोणी विचारीत नाही. खाजगी कंपनीवर नियंत्रण ठेवण्यास नियामक आयोग आहे. सार्वजनिक व्यवस्थेवर नियंत्रण ठेवणारे शेवटी आपणच. दर ठरवण्यापूर्वी वीज नियामक आयोग जनसुनावणी घेतो, हरकती मागवतो. आपल्या गावातून तेथे एक तरी अर्ज जातो का? तो जाणार नसेल, तर उद्या तारेवर कोणाचे नाव लागले, याची तक्रार करण्याचा आपला अधिकार दुबळा राहील.

पाऊस पडताना शेत कोणाचे हे पाहत नाही. तो साठवून, वळवून, तारेत घालून पुढे नेताना मात्र माणसाला ठरवावे लागते की, ती तार कोणाच्या दारापाशी थांबवावयाची. ते ठरवताना शेवटच्या दारातल्या माणसाला विचारले गेले पाहिजे.